जस्ताची पट्टी

वहीवाला माणूस तिसऱ्या बाकापाशी थांबला, तेव्हा मोठ्या बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. त्यांची नजर त्याच्यामागच्या रंगाऱ्याच्या हातातल्या दोन डब्यांपैकी एकावर होती. त्या डब्यावरून लाल ओघळ उतरले होते.

"आजी, या बागेचे पहिले माळी म्हणजे तुमचे यजमान ना? त्यांनी लावलेलं पहिलं झाड कोणतं? दफ्तरात नोंदच सापडत नाही."

"कशाला हवंय?"

"बागेचा इतिहास लिहितोय."

इतिहासाला लाल रंग लागत नाही, एवढे बाईंना कळत होते. पन्नास वर्षांत इथे तळे झाले, होड्या आल्या, कारंजी नाचू लागली. आणि प्रत्येक नव्या गमतीच्या आधी असाच एखादा गोडबोल्या वही घेऊन आला होता. तो येऊन गेला की लाल पट्टे लागलेली चार झाडे कमी होत.

"ते." बाईंनी काठी उचलून दूर पंपघराजवळच्या, अर्ध्या वाळलेल्या झाडाकडे दाखवले.

दोघे तिकडे गेल्यावर बाकावर शेजारी बसलेल्या धाकट्या जाऊबाई पुटपुटल्या, "अहो, ते तर आपोआप उगवलेलं! भाऊजींचं झाड आपल्या पाठीशी आहे, हा शिरीष."

"गप्प बैस. तोडायचंच असेल तर ते तोडू दे त्यांना."

"तुम्हाला बाई पोस्टमनसुद्धा हेर वाटतो."

"वाटतो. म्हणून तर घर शाबूत आहे."

वहीवाला खुशीत परतला. पंपघराजवळच्या झाडाला आता पांढरा पट्टा होता.

"छान झालं, आजी. एकच झाड राखायचं ठरलंय, पहिलं. त्याला पार बांधू, पाटी लावू. तुमच्या मागची ही रांग मात्र उद्या जाईल. मुलांची छोटी रेल्वे इथूनच न्यायची आहे. जरा उठता का?"

रंगाऱ्याने कुंचला लाल डब्यात बुडवला.

बाई उठल्या नाहीत. जन्मात त्यांनी कुणापुढे चूक कबूल केली नव्हती. सुनांपुढे नाही, यजमानांपुढे तर मुळीच नाही.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "ह्यांचं झाड हे आहे."

वहीवाल्याने आधी झाडाकडे पाहिले, मग बाईंकडे. घटकेपूर्वी बाईंनी त्या लाल डब्याकडे पाहिले होते, अगदी तसेच.

"रोजची बसायची जागा जातेय म्हणून म्हणताय का?"

"नाही हो, खरंच हेच ते," जाऊबाई पुढे सरसावल्या.

"मग मघाशी तुम्ही गप्प का होतात?"

जाऊबाईंनी मोठ्या बाईंकडे बोट दाखवले.

"पुरावा आहे," बाई काठी टेकून उठल्या. "रोप लावलं की हे जस्ताच्या पट्टीवर खिळ्यानं तारीख कोरत आणि ती तारेनं बुंध्याला बांधत. दरवर्षी तार सैल करत. ते गेले, आणि पुढे ती कुणी सैल केली नाही."

वहीवाल्याने झाडाभोवती फेरी मारली. साल चाचपली. "कुठाय पट्टी?"

कमरेएवढ्या उंचीवर बुंध्याला सभोवार एक सुजल्यासारखा वळ होता. बाईंनी त्यावर तळहात ठेवला.

"आत."

"मग ती बघायची कशी?" रंगाऱ्याने विचारले.

बाईंनी हात काढला नाही.