नाव नसलेली बटणं

नवं सॉफ्टवेअर आल्यापासून नोंदणी विभागातले एक अंध कारकून कामात फार मागे पडत होते. त्यांना घरी बसवण्याआधी एकदा बघून ये, असं साहेबांनी प्रोग्रामर मुलीला सांगितलं. त्या सॉफ्टवेअरमधली बटणं तिनेच बनवली होती.

ती त्यांच्या शेजारी बसली. स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज नुसताच म्हणत होता, "बटण. बटण. बटण." कारकून बोटांवर मोजत सातव्यापाशी थांबायचे आणि जीव मुठीत धरून एंटर दाबायचे.

खरं तर प्रत्येक बटणाने आपलं नाव त्या आवाजाला कळवायचं असतं. तेवढी एक ओळ तिने 'नंतर बघू' म्हणून रिकामी सोडली होती. तिने लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांत आवाज म्हणाला, "जतन करा. रद्द करा. पुढे."

"काका, चार महिने तक्रार का नाही केलीत?"

"करायला गेलो होतो की. तोंडी चालत नाही, ह्याच सॉफ्टवेअरमधला फॉर्म भरा म्हणाले. भरून ठेवलाय, पण त्यातही सगळं बटण, बटणच."

त्यांनी तो फॉर्म उघडला आणि कळ दाबत खाली गेले. आवाज म्हणाला, "पाठवा."

"हां, सापडलं. पाठवू ना आता?"