एक ठोका जास्त

चार किलोमीटर लांब पोलादी नळीच्या टोकाशी मेकॅनिक रबरी हातोडा घेऊन उभा होता. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या टकरीची लाट ही नळी टिपायची. ती लाट आणि साधा धक्का यांत गल्लत होऊ नये, म्हणून दर सोमवारी सकाळी तो नळीवर मुद्दाम ठोके मारायचा आणि कंट्रोल रूममध्ये बसलेली त्याची बहीण पडद्यावर ते मोजायची.

त्याने तीन मारले.

"चार," ताई फोनवर म्हणाली.

"तीनच मारले गं."

"अरे, चौथा तर तुझ्यापेक्षा जोरात आलाय."

नळीच्या आत काही असणं शक्यच नव्हतं. हवासुद्धा वीस वर्षांपूर्वीच शोषून काढलेली. मेकॅनिकचं डोकं सटकलं. तसं ते सटकायला निमित्तही लागत नसे. उजव्या हाताचं मधलं बोट त्याने असंच रागाच्या भरात काचेच्या दारावर बुक्की घालून गमावलं होतं. माणसाला बडवावं तसं त्याने नळीला बडवलं, पार हात भरून येईपर्यंत. मग हातोडा फेकून दिला.

"अरे, बस कर आता!" ताई किंचाळली. "नळी फुटेल!"

"मी थांबलोय, ताई."

"मग हे कोण मारतंय?"

दर ठोक्यासरशी त्याच्या तोंडासमोर पोलाद बाहेर फुगत होतं, मुठीच्या आकारात. मधल्या बोटाची जागा तेवढी सपाट होती.