डाव्या हाताची मूठ

साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. शर्यतीच्या मोटरसायकलचं वजन घटावं म्हणून दादानं तिचा स्टार्टर काढून टाकला. मग इंजिन बाहेरून फिरवायला त्याच्या डावखुऱ्या धाकट्या बहिणीनं भंगारातल्या मोटारीच्या स्टार्टरला मूठ आणि बटण बसवून दिलं.

मैदानावर सगळे त्या स्टार्टरभोवती जमले. "कुणाची रे ही करामत?" बहीण बॅटरी घेऊन मागेच उभी होती.

"माझीच," दादा बोलून गेला.

शेजारच्या स्पर्धकानं मूठ धरून पाहिली. "ही तर डाव्या हाताची, तीही चिमुकल्या! तुझा पंजा फावड्याएवढा. खरं सांग, कुणाचं उचललंस?"

लोक हसले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं दादाला झालं.

"त्यानंच बनवलाय," बहीण पुढे येऊन म्हणाली. "गाडी मी चालू करून देते ना, म्हणून माझ्या हाताच्या मापानं."

दादा शर्यत जिंकला. स्पर्धक मात्र फसला नव्हता. त्यानं पुढे बहिणीलाच मागणी घातली आणि दोघांनी गॅरेज काढलं. स्टार्टर तिथं दारातच टांगलाय. दादा येतो, चहा घेतो. पण गिऱ्हाईक त्या मुठीकडे पाहू लागलं, की आपले हात पाठीमागे लपवतो.