पुढचं नाव

‘पुरुषोत्तम गंगाधर कानव’, पुढे रिकामा चौकोन. वडिलांच्या दहनाच्या पासाकडे निरंजन पाहतच राहिला. पास छापणारा नगरपालिकेचा हा प्रोग्राम बारा वर्षांपूर्वी त्यानेच सी भाषेत लिहिला होता.

“लांब नावं अशीच तुटतात,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “आम्ही पेनने पूर्ण करतो.”

चाचणी त्याने इंग्रजी नावांवर घेतली होती; मराठी अक्षरांना तिप्पट जागा लागते. जागा संपली की मजकूर जुळवणारं फंक्शन निमूटपणे नाव छाटतं. पूर्ण नाव किती लांब होतं, तेही सांगतं. त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

बाबाही तसेच. फोनवर त्याची घाई कळली की बोलणं अर्ध्यावर सोडून म्हणायचे, “बरं, ठेवतो.” पुढे काय सांगायचं होतं, ते त्याने कधी विचारलंच नव्हतं.

बाईंनी पेनचं टोपण काढलं. “सांगा, पुढे काय?”