मिसळलेला तांदूळ

लियान मास्तरांच्या घरचा डबा पोत्यात ओतता ओतता चर्चचा सेवक, डीकन ह्रे मांगचा हात थबकला. चिन डोंगरातल्या त्या गावात प्रत्येक घरची बाई स्वयंपाकाला लागण्याआधी एक मूठ तांदूळ चर्चसाठी घरात ठेवलेल्या डब्यात टाकते. जो रंग ज्याच्या शेतातल्या तांदळाचा, तोच त्याच्या डब्यातल्या तांदळाचा. मास्तरांच्या डब्यात मात्र लाल, पांढरा, काळा सगळाच मिसळलेला होता. असा तांदूळ फक्त चर्चच्या पोत्यात सापडतो, आणि त्या पोत्यातून तो फक्त गावातल्या निराधार झा तियाल आजीला देतो.

त्याचं डोकंच चालेना. ज्यांनी स्वतःच्या पैशाने चर्चच्या छपरावर पत्रे घातले, ते मास्तर चोरी करतील? की आपणच चुकून भलत्या दारात ओतून आलो? डबा तसाच हातात घेऊन तो आजीकडे गेला.

"आजी, तुमचा तांदूळ कमी पडतोय का हो?"

"पडणारच. अर्धा मी मास्तरांच्या घरी देते."

"मास्तरांच्या? अहो, ते तर देणाऱ्यांतले!"

"अरे वेड्या, त्यांच्या छपरातून धूर निघताना दिसेना, म्हणून मी आत डोकावले. तू तर दर रविवारी जातोस त्यांच्या दारात. काय करतोस रे तिथं?"

ह्रे मांगने हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"तांदूळ घेऊन येतो."