पिनीचा तुकडा

शेषरावनं प्लास्टरमधला पाय बाकावर लांब केला आणि हसला. "मॅडम, मीबी मोडलो, पिनबी मोडली. मला डॉक्टरनं पाहिलं, पिनीला तुमी पाहा."

हिंगोलीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ज्योती मॅडमनी दोन बोटभर तुकडे टेबलावर ठेवले. एक ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या, मोडलेल्या पिनीतून कापलेला. दुसरा, ज्या जुन्या एक्सलमधून ती पिन घडवली, त्याच्याच उरलेल्या लोखंडाचा. ट्रॉली सुटून शेषरावच्या पायावर आली त्याला बारा दिवस झाले होते. बारा दिवस सगळं साखरा गाव म्हणत होतं, भंगारवाल्या उकंडरावनं सडकं लोखंड दिलं. पिन घडवणारा खाजा मिया ते ऐकून घेत होता.

आत्ताही तो दाराशीच उभा होता.

मॅडमनी एक्सलचा तुकडा यंत्रात बसवला आणि वर अडकवलेला जड हातोडा सोडला. धप्प! हातोडा पलीकडं जेमतेम वीतभर गेला. तुकडा वाकला, तुटला नाही.

"लोखंड चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मग पिनीचा तुकडा. हातोडा खाली आला आणि मधे काही नव्हतंच असा पलीकडं उंच निघून गेला. टिक्, एवढाच आवाज. मोडलेली कड साखरेच्या दाण्यासारखी चमकत होती.

"लोखंड तेच. पण पिन लालभडक असतानाच कुणीतरी पाण्यात घातली, म्हणून ठिसूळ झाली. राखेत हळूहळू निवू द्यायला हवी होती."

पिन घडवली त्या सांजेला भट्टीजवळ शेषरावच उभा होता, 'आटप रे मिया, सोयाबीन भरायचंय' म्हणत. चर्र आवाज दोघांनीही ऐकला होता.

"अहवालात कारण काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

"लिहा, घाई माझी व्हती," शेषराव म्हणाला.

"न्हाई मॅडम." खाजा मिया दारातून पुढं आला. "पाण्यात मी घातली. राख बाजूलाच होती."

खाजा मिया बाकापाशी येऊन वाकला. शेषरावनं त्याच्या गळ्यात हात टाकला, एका पायावर उभा राहिला.

"घरीच ना?"

"न्हाई भाऊ. आदी उकंडरावच्या दुकानी."

शेषरावनं त्याच्याकडं पाहिलं. मग अंगाचा सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला.

"चल. हळू चल पण."