चोरलेलं गाऱ्हाणं

म्युझिक ॲपचं यंत्र कुणाचंही नवं गाणं क्षणात चोरायचं आणि त्याच्याच आवाजात, पण स्वतःच्या नावाने, घराघरांत वाजवायचं. मालवणची गायिका हेमांगी तांडेल हिला त्यामुळे श्रोतेच उरले नव्हते.

आज तिने गाणं नाही, देवाला घालतात तसं गाऱ्हाणं अपलोड केलं. "ह्यां पण चोरा, मेल्यांनू!"

ॲपचा मालक सारंग पेडणेकर आईबरोबर जेवत होता. स्पीकरमधून यंत्र हेमांगीच्या आवाजात कडाडलं, "बा देवा म्हाराजा, जेणां माझो गळो चोरल्यान, तेची वाचा बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आईने रिवाजाप्रमाणे हात जोडून होकार दिला. शेजारच्या घरांतूनही तेच ऐकू आलं.

सारंगचा घास हातातच राहिला.

"तू गप कित्याक रे?" आई डाफरली. "म्हण, व्हय म्हाराजा!"